हयातीच्या दाखल्याचा फोन आला तर

नोव्हेंबर लागला की पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याची घाई, आणि भामट्यांना त्याहून जास्त. विश्रामबाग असो की मिरज, फोनवरची भाषा ठरलेली: "काका, तुमचा दाखला आला नाही, उद्यापासून पेन्शन बंद. ओटीपी सांगा, इथूनच करून देतो." कधीकधी तो तुमचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक), निवृत्तीची तारीखसुद्धा घडाघडा वाचून दाखवतो. एवढ्यावर विश्वास ठेवू नका, माहिती फुटते.

फोन ठेवा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर स्वतः विचारा. नाहीतर सरळ शाखेत जा, तेवढंच पाय मोकळे होतील. दाखला बँकेत देता येतो, पोस्टमन घरी येऊन करून देतो, किंवा 'जीवन प्रमाण' या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून होतो. फोनवर ओटीपी विचारून कुठलीच बँक तो करत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, तर उघडूच नका.

पैसे गेलेच, तर मुलं रागावतील म्हणून गप्प बसू नका. तासाभरात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावलात तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. व्यवहाराचा मेसेज पुसू नका, त्यातला व्यवहाराचा नंबर तिथे विचारतात.