आर्किटेक्ट व्हायचंय? मग आधी गवंड्याजवळ उभारा

बारावीचा निकाल लागला की खानापूर, निपाणीकडनं दोन-चार फोन येतातच, पोराला आर्किटेक्चरला घालू का म्हणून. घाला की, पण इंजिनिअरिंग मिळालं नाही म्हणून घालू नका एवढंच.

कागदावरची वाट सरळ आहे. बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजे, नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यायची, कर्नाटकात केईएची, म्हणजे राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाची, रँक निम्मे बारावीचे आणि निम्मे नाटाचे मार्क धरून लागते. नाटात २०० पैकी ८० मार्क हातानं काढायच्या चित्रांचे, त्यामुळं दहावीपासनंच स्केचबुक ठेवा, फोटो बघून कॉपी करत बसू नका, बेळगावच्या किल्ल्यात जाऊन कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन देवळाच्या, छतातलं दगडी कमळ खाली उभारून काढा, मान दुखते पण दगड कुठं कशावर टेकलाय ते तिथंच कळतं. पुढं पाच वर्षं, नंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, ती नसेल तर १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्ट म्हणून पाटी लावता येत नाही.

आणि कन्नड वाचायला शिका बाबांनो, जमिनीचा उतारा, बुडाचे म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाचे कागद सगळे कन्नडात, दुसऱ्याकडनं किती दिवस वाचून घेणार?

बाकीचं साइटवर. माझं पहिलं घर खानापूर तालुक्यातलं, तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. छज्जाच्या खालच्या कडेला बारीक खाच असते, ड्रिप मोल्ड, पाणी तिथंच तुटून खाली पडावं म्हणून, ती मी ड्रॉइंगमधे दाखवलेली पण स्लॅबच्या दिवशी साइटवर गेलो नाही आणि सेंटरिंगवाल्यानं पट्टी मारलीच नाही. आषाढात पाणी छज्जाखालनं सरकत सरकत भिंतीत, घराचा पुढचा सोपा सगळा काळा. मालकीणबाई काय बोलल्या नाहीत, चहा दिला आणि भिंतीकडं बघत बसल्या. तेव्हापासनं स्लॅबला मी सकाळी सातला हजर.

पैसा सुरुवातीला कमीच, पाच वर्षांत गाडी आली नाही म्हणून रडू नका. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींना प्रित्झ्कर, आपल्या धंद्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस, २०१८ ला मिळालं, वय ९०. त्यांची इंदूरची अरण्य वसाहत बघा, गरिबाला जोतं, नळ-संडास आणि जमलं तर एक खोली द्यायची, पुढचं घर ज्याचं त्यानं वाढवायचं.

मी अजून रविवारी हलशीला देवळं काढायला जातो, बायको म्हणते सुट्टीलाबी तेच का. परवा त्याच मालकीणबाईंचा फोन, पोराच्या घराचा प्लॅन काढा म्हणून, पण या वेळी खाच आधी दाखवा म्हणाल्या.