घरच्या धबडग्यात लेखनाची वेळ कशी राखावी
घरात लहान मुले किंवा वृद्ध माणसे असताना सलग तीन-चार तास मिळतील या आशेवर लेखन थांबवून ठेवू नये. त्याऐवजी आठवडाभर दिवस कसा जातो याची नोंद ठेवून, रोज हमखास मोकळी राहणारी २० ते ३० मिनिटे शोधावीत आणि ती घरातल्यांना स्पष्टपणे सांगावीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडून पुढचा विचार दोन ओळींत टिपून ठेवल्यास, दुसऱ्या दिवशी आधीचे सारे वाचण्यात वेळ जात नाही. माझ्या मते हीच सवय सर्वांत उपयोगी आहे. मूल आजारी असेल, त्या दिवशी एकच वाक्य लिहावे आणि राहिलेले उद्या भरून काढण्याचा हट्ट धरू नये.