गांजा-चरसच्या नमुन्यात या चुका टाळा

कोकणात पावसाळ्यात पकडलेला गांजा बहुतेक वेळा दमट असतो आणि तपासाचं नुकसान तिथूनच सुरू होतं. ओला पाला प्लास्टिकमध्ये कोंबून मुद्देमालाच्या खोलीत टाकला, की त्यावर बुरशी धरते. प्रयोगशाळेत आधी सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे केस शोधतात: वाघनखासारखे आखूड, वाकडे, बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा कण असलेले. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तिथून बारीक बुडबुडे उठतात. कुजलेल्या पानात यातलं काहीच धड दिसत नाही. म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोर नमुना निघेपर्यंत माल हवेशीर, कागदात किंवा गोणपाटात ठेवा आणि तो ओला होता हे पंचनाम्यात स्पष्ट लिहा.

वजनाची चूक तर माणसाच्या आयुष्यावर येते. गांजाची व्यावसायिक मात्रा, म्हणजे ज्याच्या वर सर्वांत कडक शिक्षा लागते ते वजन, 20 किलो. तिथे किमान शिक्षा दहा वर्षं, जामीनही जवळजवळ दुरापास्त. कायद्याने गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. ते सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोजत नाहीत. पाण्यासकट, पानं-बियांसकट ठोकलेलं वजन न्यायालयात टिकेल असं समजू नका, आणि ते टिकूही नये.

जागेवरची रंगचाचणी हा फक्त अंदाज. फास्ट ब्लू बी नावाच्या रसायनाच्या चाचणीत जायफळ, जायपत्रीही फसवा रंग देऊ शकतात, आणि आपल्या वाड्यांमध्ये जायफळ काही दुर्मीळ नाही. ड्यूकेनॉइस या दुसऱ्या रंगचाचणीत जांभळा रंग क्लोरोफॉर्मच्या थरात उतरला का, हे न बघताच कितीतरी जण निकाल लिहून मोकळे होतात.

ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. अशा वेळी सगळी एकत्र ओतून एकच नमुना काढायचा मोह होतो. तसं करू नका. वेष्टन, खूण, वजन आणि रंगचाचणी जुळली तरच पाकिटांचा गट करता येतो. फुटलेलं, खारं पाणी शिरलेलं पाकीट वेगळंच ठेवा. चरसच्या नमुन्याला 24 ग्रॅम लागतात, तेही दोन प्रतींत.

शेवटची चूक यंत्रावरची. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र. त्याच्या गरम इंजेक्टरमध्ये टीएचसी-आम्लाचं टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) होतं. त्यामुळे मूळ मालात दोन्ही किती होते हे वेगवेगळं सांगायचं असेल, तर एचपीएलसी (वाफ न करता, द्रवातच घटक वेगळे करणारं यंत्र) वापरा, नाहीतर नमुन्याचं आधी सिलिलीकरण (आम्ल उष्णतेने बदलू नये म्हणूनची रासायनिक प्रक्रिया) करा. जुन्या, उन्हात पडलेल्या नमुन्यात सीबीएन (टीएचसी जुनं होऊन बनणारं द्रव्य) जास्त आणि टीएचसी कमी मिळालं तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. नमुना कुठे आणि किती दिवस पडून होता, ते आधी विचारा.