एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा इग्रा रिपोर्ट कसा वाचावा

इग्रा म्हणजे टीबीचा संसर्ग ओळखायची रक्तचाचणी. तिचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ‘निगेटिव्ह’ या शब्दावर जाते. रुग्णाला एचआयव्ही असेल तर वाचायला सुरुवात मायटोजेनच्या, म्हणजे पेशी मुळात उत्तर देऊ शकतात का हे तपासणाऱ्या नळीच्या, आकड्यापासून करा. ही चाचणी टीबीचा जंतू शोधत नाही. त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी गॅमा इंटरफेरॉन हे संदेश देणारं प्रथिन किती सोडतात, एवढंच ती मोजते. आणि एचआयव्ही घाला घालतो तो नेमका त्यातल्या मुख्य पेशींवर, सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींवर.

एरवी मॅक्रोफेज ही भक्षक पेशी जंतू गिळते आणि आयएल-१२ हे इशारा देणारं प्रथिन सोडते. तो इशारा मिळाला की सीडी४ पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात, आणि मग मॅक्रोफेजला गिळलेला जंतू मारायचं बळ येतं. सीडी४ घटल्या की हा मधला दुवा निखळतो. जंतू वाढत राहतात, रक्तातला संदेश मात्र क्षीण होतो. म्हणजे टीबीचा धोका ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याच बाबतीत चाचणी गप्प राहू शकते.

क्वांटिफेरॉन प्लस या इग्रा चाचणीत चार नळ्या असतात: राखाडी निल (तुलनेसाठीची, काही न मिसळलेली), हिरवी टीबी१ आणि पिवळी टीबी२ (दोन्हींत टीबीच्या जंतूची प्रथिनं) आणि जांभळी मायटोजेन. प्रत्येकीत १ मिली रक्त घ्या, ०.८ ते १.२ मिली चालतं. नळी दहा वेळा अशी हलवा की आतली सगळी भिंत रक्ताने भिजेल. फार जोरात घुसळलं तर जेल फुटतं आणि आकडे बिघडतात. या नळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. १६ तासांच्या आत ३७ अंशांवर उभ्या ठेवा आणि १६ ते २४ तास तशाच राहू द्या. सीडी४ कमी असताना उशीर करणं विशेष महागात पडतं: मोजक्या उरलेल्या पेशीही वाट पाहता पाहता थकतात, आणि दोष रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा की आपल्या हाताळणीचा, हे मागाहून कळत नाही.

आता आकडे. निल ८.० आययू प्रति मिलीपेक्षा जास्त असेल तर निकाल अनिर्णित. टीबी१ किंवा टीबी२ मधून निल वजा करून ०.३५ किंवा जास्त उरलं आणि ते निलच्या किमान २५ टक्के असेल, तर पॉझिटिव्ह. मग मायटोजेन कितीही असो. दोन्ही टीबी नळ्या याखाली असतील तरच मायटोजेन निर्णायक ठरतं. त्यातून निल वजा करून ०.५ किंवा जास्त असेल तर निगेटिव्ह, कमी असेल तर अनिर्णित. अनिर्णित म्हणजे निगेटिव्ह नव्हे. मायटोजेन जवळजवळ सगळ्याच टी पेशींना ढोसतं. त्यालाही उत्तर आलं नाही, तर टीबीबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही.

निकाल कोणताही असो, चार प्रश्न विचाराच: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एकही ‘हो’ आलं तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीला पाठवा. सीडी४ फार कमी असताना छातीच्या एक्स-रेत पोकळी दिसेलच असं नाही, त्यामुळे स्वच्छ फोटोवर विसंबू नका. अशा वेळी लघवीची लॅम चाचणी कामी येते. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी टाका आणि २५ मिनिटांनी चांगल्या उजेडात संदर्भ कार्डाशी ताडून बघा. ती जंतूच्या आवरणाचा घटक शोधते, पेशींच्या उत्तरावर अवलंबून नसते. म्हणूनच सीडी४ जितक्या कमी तितकी ती अधिक उपयोगी. मात्र लॅम निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं ठरवू नका.

चारही उत्तरं ‘नाही’ आली आणि सक्रिय टीबी नाही याची खात्री झाली, तर प्रतिबंधक उपचारासाठी इग्राची वाट पाहण्याची गरज नसते.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाल्यावर काही महिन्यांत निगेटिव्ह रिपोर्ट पॉझिटिव्ह होऊ शकतो. तो नवा संसर्गच असेल असं नाही. परतलेल्या सीडी४ पेशी जुन्या जंतूला आता ओळखू लागलेल्या असतात. याच काळात गाठी सुजल्या किंवा ताप आला तर रुग्णाला ताबडतोब एआरटी केंद्रात पाठवा, आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका हे त्याला स्पष्ट सांगा.