साथ आटोक्यात आणताना या चुका टाळा

गाव आरोग्य पथकाला वेशीवरच अडवतं, घरोघरी रुग्ण लपवले जातात, दफनं रात्री गुपचूप उरकली जातात. असं झालं की 'लोक अडाणी आहेत' हेच पहिलं तोंडी येतं. साथीच्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

2014 च्या इबोला साथीतलं लायबेरिया बघा. इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरातून संसर्गाचा मोठा धोका असतो, तेव्हा शव धुणं, कवटाळणं थांबवायलाच हवं होतं. पण ऑगस्टमध्ये सरकारने राजधानी मनरोव्हियातले मृतदेह सरसकट जाळायचा हुकूम काढला. दहनासाठी वापरलं ते तिथल्या भारतीय हिंदूंचं स्मशान. आपल्याला अग्नी देणं ही रीत, त्यांना ती विटंबना. तिथे मार्चच्या दुसऱ्या बुधवारी घरची माणसं कबरी साफ करतात, रंगवतात, फुलं वाहतात. कबरच नसेल तर त्या दिवशी जायचं कुठे? उपचार केंद्रात नेलं तर माणसाची राखच होणार, या धास्तीने आजारी माणसं घरातच ठेवली गेली. मनरोव्हियाजवळ डिस्को हिलला दफनासाठी जागा मिळाली आणि डिसेंबरात दहन थांबलं.

म्हणून रीत मोडू नका, तिच्यातला धोका तेवढा काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोव्हेंबर 2014 च्या नियमावलीत तेच केलं: कुटुंबाच्या संमतीशिवाय दफन सुरू करायचं नाही, मुस्लिम मयताला पाण्याच्या गुसलऐवजी (अंघोळीऐवजी) तयम्मुम, म्हणजे पाण्याविना कोरडी शुद्धी, आणि पांढरं कफन.

'या रोगावर औषध नाही' असंही ठोकून सांगू नका. मग केंद्रात मरायला कोण येईल? केंद्राला उंच, बंद कुंपण घातलं की आत काय चालतं याच्या अफवा उठतात. आतला रुग्ण बाहेरून दिसला पाहिजे.

बळजबरी तर नकोच. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत घुसले. लोकांनी रुग्ण लपवले आणि 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आणि संरक्षक पोशाख चढवूनच गाडीतून उतरू नका. आधी साध्या कपड्यांत उतरा. चेहरा दिसू द्या, नाव सांगा, घरच्यांचं सांत्वन करा, काय करणार ते समजावून सांगा. पोशाख त्यानंतर, त्यांच्यासमोरच घाला.