ब्राउझरला हात लावण्यापूर्वी

ब्राउझरमध्ये पाने उघडेनाशी झाली की उपाय शोधण्याचे साधनच हातचे गेलेले असते, म्हणून पुढील तयारी नेट सुरळीत चालू असतानाच करून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सर्वप्रथम संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि तिच्यात इंटरनेट सेवेचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन नंबर, वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पत्ता लिहून ठेवावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला सापडतो. यानंतर दुसरा ब्राउझर उतरवून घ्यावा. क्रोम आणि एज हे दोन्ही ब्राउझर क्रोमियम या एकाच मूळ प्रणालीवर बेतलेले असल्यामुळे क्रोम वापरणाऱ्याने जोडीला फायरफॉक्स ठेवणे मला अधिक उपयोगाचे वाटते. बुकमार्क आणि पासवर्ड यांची प्रत सुरक्षित जागी आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष अडचण आली की काहीही बदलण्याआधी पडद्यावरचा संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढावा, कारण निम्मे निदान त्या एका ओळीतच असते. संदेशात ‘डीएनएस’ हा शब्द असेल तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था अडली आहे किंवा पत्ता टाइप करताना चूक झाली आहे. ‘टाइम्ड आउट’ असेल तर पलीकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलेले नाही. ५०३ हा आकडा दिसला तर सर्व्हर त्या वेळी विनंत्या हाताळू शकत नाही, आणि अशा वेळी आपल्या संगणकात खाडाखोड करणे व्यर्थ असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

संगणकाची तारीख आणि वेळ पाहणे मी यादीत मुद्दाम वर ठेवतो. आमच्या घरी एका प्रवेश अर्जाच्या दिवशी सकाळी एकही पान उघडेना आणि प्रत्येक ठिकाणी कनेक्शन खाजगी नसल्याची सूचना येऊ लागली. आम्ही तासभर राउटर बंद-चालू करत राहिलो, आणि शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली लक्ष गेले तेव्हा तिथे २००९ साल दिसत होते. संगणकाच्या आतील मुख्य पट्टीवरची, म्हणजे मदरबोर्डवरची, सीआर २०३२ ही रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी संपली होती आणि रात्री वीज गेल्यावर घड्याळ मागे गेले होते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरीची तारीख असते, ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो, आणि घड्याळच चुकले असेल तर प्रमाणपत्र खरे असूनही तो ते नाकारतो. तारीख दुरुस्त करताच पाने उघडली. तेव्हापासून तशी एक बॅटरी मी टेबलाच्या खणात ठेवतो.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी तेच पान त्याच वायफायवर मोबाइलमध्ये आणि नंतर मोबाइल डेटावर उघडून पाहावे. वायफायवर कुठेच उघडत नसेल तर फायबरच्या डब्यावरील ‘एलओएस’ हा दिवा पाहावा. तो लाल असेल तर बाहेरून प्रकाशाचा संदेशच येत नसतो आणि सेवा देणाऱ्याला फोन करण्यावाचून इलाज नसतो. दिवा ठीक असेल तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावा. अडचण फक्त संगणकावर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबून क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडावी. तिच्यात एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी, लागू होत नाहीत, त्यामुळे तिथे पान उघडले तर या दोहोंपैकी एकाकडे संशय वळवता येतो. डीएनएसचा दोष दिसत असल्यास नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पर्यायी पत्ता देऊन पाहावा, आणि कोणी प्रॉक्सी, म्हणजे मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत जोडणी, लावून ठेवलेली असल्यास ती काढावी. संगणक विंडोज ७ वर असेल तर क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती २०२३ साली आली, त्यामुळे नवी संकेतस्थळे त्यावर अडली तर त्यात नवल नाही.

ब्राउझरमधील सगळी माहिती पुसून टाकणे हा अनेक जणांचा पहिला उपाय असतो. माझ्या यादीत तो अगदी शेवटी आहे. सरसकट पुसल्याने सर्व ठिकाणचे लॉगिन जाते, आणि ज्याला पासवर्ड आठवत नाहीत त्याच्यापुढे नवेच संकट उभे राहते. त्याऐवजी पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून फक्त त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज काढाव्यात. एवढ्यानेही पान उघडले नाही तर संदेशाचा फोटो, तो दिसल्याची वेळ आणि कोणत्या उपकरणांवर काय करून पाहिले याची नोंद समोर ठेवून वहीतला तक्रारीचा नंबर लावावा.