वाद्यवादनातून ख्रिस्ती प्रार्थना कशी करावी

कोल्हापुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पेटी, तबला आणि झांज पूर्वापार आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांना आणि भजनांना त्यांचीच साथ लागते. मात्र या वाद्यांचे काम बहुधा साथीपुरतेच राहते. शब्द गाणाऱ्याचे आणि वाद्य त्याच्या मागे. वाद्यानेच, एकही शब्द न उच्चारता, प्रार्थना करता येते हे पुष्कळांना ठाऊक नसते, किंवा ते थोडे परके वाटते. बायबलला मात्र ते परके नाही. १ शमुवेल १६:२३ मध्ये दावीद शौल राजापुढे वीणा वाजवतो आणि शौलाला आराम पडतो. तेथे गायनाचा उल्लेखच नाही. २ राजे ३:१५ मध्ये अलीशा संदेष्टा आधी वादकाला बोलावून घेतो आणि वादन सुरू झाल्यावर परमेश्वराचा हात त्याच्यावर येतो. स्तोत्र १५० तर कर्णा, सतार, वीणा, डफ, बासरी आणि झांजा यांची नावे घेऊनच स्तुतीचे आवाहन करते.

पहिली अट अशी की, रियाज आणि प्रार्थना यांची वेळ एक ठेवू नये. रियाजात चूक दुरुस्त करायची असते, म्हणून आपण थांबतो आणि तीच जागा पुन्हा घेतो. प्रार्थनेत चुकीचा स्वर लागला तर तो तसाच सोडून पुढे जायचे असते. आपल्या गावात हे विशेष कठीण आहे. गायक अल्लादिया खाँसाहेबांना छत्रपती शाहू महाराजांनी आश्रय दिला आणि देवल क्लब या संगीतसंस्थेने कित्येक पिढ्यांचे कान घडवले, त्यामुळे येथे बेसूर झाल्याबरोबर शेजारचासुद्धा भुवई उंचावतो आणि वाजवणाऱ्याच्या मनात तर परीक्षक कायमचाच बसलेला असतो. त्याला हाकलण्याचा एकच उपाय मला भरवशाचा वाटतो : वादन इतके साधे ठेवावे की त्यात कौशल्य दाखवायला जागाच उरू नये. तीन-चार स्वर पुरतात. ताना, झाला, तिहाई असे कौशल्याचे प्रकार बाजूला ठेवावेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण तर मुळीच करू नये, कारण ते सुरू होताच समोर श्रोता येऊन बसतो.

आरंभ शब्दांनीच करावा. शास्त्रवचनाचा आधार नसेल, तर बिनशब्दांचे वादन लवकरच नुसत्या सुखद विरंगुळ्यात उतरते. एकच ओळ घ्यावी, उदाहरणार्थ स्तोत्र २३ मधील ‘मला काही उणे पडणार नाही’, आणि ती नेहमीच्या बोलण्याच्या सुरात दोन-तीनदा मोठ्याने वाचावी. वाचताना आवाज कोठे चढतो, कोठे रेंगाळतो आणि कोठे खाली येतो याकडे लक्ष द्यावे. मग तीच चाल वाद्यावर शोधावी. भूप रागात ती ‘ग रे सा’ अशी उतरत षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, टेकू शकते, किंवा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताला स्पर्श करून पुन्हा ‘सा’वर येऊ शकते. ओळ मनात म्हणत वाजवावे. काही वेळाने शब्द आपोआप मागे पडतात आणि स्वर तेवढे राहतात, तेव्हा त्यांना परत ओढून आणू नये. मन आठवड्याच्या बाजाराकडे किंवा कार्यालयातल्या भांडणाकडे गेले, तर मात्र ओळीकडे परत यावे. शोकाचे स्तोत्र असेल, जसे १३०, तर मंद्र सप्तकातच राहावे आणि वर जाण्याची घाई करू नये.

पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही, म्हणून तिची नक्कलही करू नये. तिचे बळ लांब स्वरात आहे. खर्जाचा ‘सा’ दाबून भाता अगदी सावकाश हलवावा, स्वतःचा श्वास आत घेताना भाता उघडावा आणि सोडताना मिटावा. ही लय जुळली की हात आणि छाती एकच काम करू लागतात. तंतुवाद्य असल्यास आधी तंबोरा नीट लावून घ्यावा. मिरजेची तंतुवाद्ये जवळच तयार होतात आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरी जुनाच घरचा तंबोरा पुरेसा असतो. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवलेले सूत केसभर पुढे-मागे करताना जव्हारी, म्हणजे तारेची गुंजती झंकार, खुलते आणि आवाज भरून येतो. हे काम घाईने होत नाही, म्हणून मन स्थिर करण्यासाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही. पावसाळ्यात सूर हलतो, म्हणून तेव्हा थोडा जास्त वेळ हाताशी ठेवावा.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करायची असेल, तर त्या व्यक्तीचे नाव एकदा उच्चारून वाजवू लागावे. काय मागावे हे आपल्याला समजत नसताना आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्र ८:२६ सांगते, आणि आजाऱ्याच्या उशाशी शब्द संपतात तेव्हा या वचनाचा अर्थ कळतो. मात्र वादनाला औषध समजू नये. शौलाला आराम पडला, तरी तो पुढे दावीदावरच भाला फेकायला उठला.

मंडळीच्या उपासनेत वाजवायचे झाल्यास आधी पाळकसाहेबांना विचारावे. अर्पणाच्या वेळी किंवा प्रभुभोजन वाटले जात असताना यासाठी जागा सहज मिळते. येथे घरचा नियम उलटा करावा, म्हणजे स्वतःचा आलाप न वाजवता सर्वांच्या ओळखीच्या गीताची चाल संथपणे वाजवावी, कारण अनोळखी स्वरांकडे लोकांचे लक्ष वळते, तर ओळखीच्या चालीवर ते आपापल्या मनात गीत म्हणू लागतात. कीबोर्ड असेल तर त्यातला तयार ठेका बंद ठेवावा. वाटप संपले की कडवे अर्धे राहिले तरी सोयीच्या पहिल्या ‘सा’वर थांबावे आणि पाळकांना पुढे बोलू द्यावे.